गॅबापेन्टिन की प्रिगॅबालिन?

मधुमेहामुळे रात्री तळपायांची होणारी आग, नागीण बरी झाल्यावरही मागे राहिलेला ठणका, एका औषधाने न आटोपणाऱ्या फिट्स: अशा वेळी चिठ्ठीवर बहुधा या दोहोंपैकी एक नाव येते. दोन्ही औषधे चेतापेशींच्या कॅल्शियम मार्गिकांवर काम करून वेदनेचा निरोप पुढे नेणारी रसायने कमी करतात. नावात ‘गॅबा’ (मेंदूतले चेतापेशींना शांत करणारे रसायन) असले तरी पेशींवर गॅबा जिथे चिकटतो त्या ग्राहकांना (रिसेप्टर्सना) ती हात लावत नाहीत.

खरा फरक पडतो तो आतड्यात. गॅबापेन्टिन शोषून घेण्याची क्षमता मर्यादित असते. दिवसाला ९०० मिग्रॅ तीन वेळांत घेतले तर सुमारे ६० टक्के रक्तात उतरते, ३६०० घेतले तर जेमतेम ३३ टक्के. मात्रा चौपट केली तरी रक्तात पोचते दुपटीहून थोडेच जास्त! दुपारची गोळी राहिली म्हणून रात्री दोन एकदम घेऊन भरपाई होत नाही ती यामुळेच. अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमचे पित्ताचे पातळ औषध शोषण आणखी २० टक्क्यांनी घटवते, त्यामुळे मध्ये दोन तास जाऊ द्यावेत.

प्रिगॅबालिन ९० टक्क्यांच्या वर शोषले जाते आणि दिवसातून दोनदा पुरते. दुपारी हमखास गोळी चुकणाऱ्या नोकरदाराला आम्ही हेच सुचवू. मात्र गुंगी, चक्कर, पायांवर सूज आणि वाढते वजन दोन्हींत आहे. मधुमेहाचे पायोग्लिटाझोन चालू असेल तर प्रिगॅबालिनने सूज अधिक येऊ शकते, हे डॉक्टरांना आधी सांगा.

किडनीच्या बाबतीत डावे-उजवे काही नाही. दोन्ही लघवीवाटे जशीच्या तशी बाहेर पडतात. क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनी रक्त किती वेगाने गाळते याचे माप) मिनिटाला ६० मिलीच्या खाली गेला की मात्रा कमी करावी लागते. सत्तरीतल्या सडपातळ आजींचा क्रिएटिनिन ‘नॉर्मल’ दिसला तरी वय-वजन धरून काढलेला क्लिअरन्स कमी निघतो, आणि पूर्ण मात्रा दिली तर त्या तोल जाऊन पडतात.

या औषधांत मेथिलकोबालामिन (बी-१२ जीवनसत्त्व) किंवा नॉरट्रिप्टिलिन (नैराश्यावरचे, चेतावेदनेतही दिले जाणारे औषध) मिसळलेल्या गोळ्या आपल्याकडे सर्रास मिळतात. त्यांत एकाच घटकाची मात्रा वाढवता येत नाही, म्हणून सुरुवात सुट्या औषधाने बरी.

सायटिकासाठी (कमरेतून पायात उतरणाऱ्या कळेसाठी) मात्र घाई नको: २०१७ च्या चाचणीत प्रिगॅबालिनने पायाची कळ कमी झाली नाही. चेहऱ्यावर विजेसारखी कळ येत असेल तर पहिला मान कार्बामाझेपिन या फिट्सवरच्याच दुसऱ्या औषधाचा.

ट्रामाडॉलसारखे अफूवर्गीय वेदनाशामक, झोपेची गोळी किंवा दारू यांच्या जोडीने श्वास मंदावू शकतो. बंद करताना निदान आठवडाभर मात्रा उतरवत न्या; फिट्सच्या रुग्णाने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी कमी करू नये.