पाटीवर काय लिहायचं: उत्पादन की निर्मिती?

बेळगावात उद्यमबागेत किंवा मच्छे-होनग्याच्या औद्योगिक भागात नवीन शेड टाकणाऱ्याला लेथ कुठला घ्यावा, वीज किती हॉर्सपॉवरची मागावी, हे सांगणारे ढीगभर भेटतात. पाटीवर मराठीत काय लिहावं हे मात्र पेंटर ब्रश बुडवून उभा राहिला की घाईत ठरतं. मी शेतीची अवजारं करतो. गिऱ्हाईक बरंचसं चंदगड, आजरा, गडहिंग्लजचं, त्यामुळे पाटी, बिलबुक, पत्रक या सगळ्यांत मराठी लागतेच. 'मॅन्युफॅक्चरिंग'साठी समोर येतात ते दोन शब्द, आणि मी दोन्ही वापरून बघितलेत.

आधी इंग्रजी शब्दाचंच बघा. लॅटिनमध्ये 'मानुस' म्हणजे हात आणि 'फाकेरे' म्हणजे करणं. फ्रेंचमधून तो सोळाव्या शतकात इंग्रजीत आला तेव्हा अर्थ होता हाताने केलेलं. आज तोच शब्द यंत्रावरच्या मालाला लागतो, आणि खरोखर हाताने केलेल्या मालाला 'हँडमेड' असं वेगळं सांगावं लागतं. आमच्या शहापूर-वडगावातले विणकर या भानगडीत कधी पडले नाहीत. ते माग चालवतात, साडी विणतात, विषय संपला.

'निर्मिती'त 'निर्' आणि 'मा' आहे. मा म्हणजे मोजणं. व्हर्नियर हातात धरून दिवस काढणाऱ्या माणसाला हे मूळ आवडायलाच हवं, मलाही आवडलं होतं. 'उत्पादन' येतं 'उद्' आणि 'पद्' यांवरून: वर आणणं, उगवेल असं करणं. 'उत्पन्न' हा शब्दही त्याच धातूचा, आणि धंद्यात दोन्हींची गाठ एकाच वहीत पडते.

वापरात मात्र दोघांचे स्वभाव फार वेगळे. निर्मिती नाटकाची होते, चित्रपटाची होते, ग्रंथाची होते. वीजनिर्मिती, खतनिर्मिती असे कारखानी उपयोगही आहेत, नाही असं नाही. पण शब्दाला एक कलेचा वास आहे. तुम्ही गणपतीच्या मूर्ती करत असाल किंवा गिऱ्हाइकाच्या पसंतीप्रमाणे एकेक सागवानी कपाट घडवत असाल, तर 'निर्मिती' शोभून दिसेल, मी स्वतः तेच सुचवीन. कोळप्याचे फाळ एकाच साच्याचे शेकड्याने निघतात. तिथे 'महिन्याची निर्मिती किती?' असं कोणी विचारत नाही, उत्पादन किती असंच विचारतात. शिवाय पत्रकावर 'आमची उत्पादने' असा मथळा सरळ देता येतो. 'आमच्या निर्मिती' लिहिलं की खाली नट-नट्यांची नावं येतील असं वाटतं.

'उत्पादन'ही काही धुतल्या तांदळाचं नाही. ऊस उत्पादक, दूध उत्पादक, काजू उत्पादक म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यापुढे शेतकरी येतो. चंदगडात काजू फोडून गर विकणाऱ्यानं पाटीवर 'काजू उत्पादक' लिहिलं तर त्याची बाग किती एकर, असा प्रश्न येणारच. त्यानं 'काजू प्रक्रिया उद्योग' लिहावं, ते बरं. दुसरी अडचण हद्दीपलीकडची. महाराष्ट्रात 'राज्य उत्पादन शुल्क' म्हटलं की लोकांना दारूच आठवते. आपल्याकडे कर्नाटकात त्या खात्याला अबकारीच म्हणतात, त्यामुळे बेळगावात हा डाग लागत नाही. अवजारांच्या बाबतीत तर दोन्ही घोटाळे संभवत नाहीत. नांगर कोणी पिकवत नाही आणि पीतही नाही.

मग 'कारखाना' का नको? शब्द दमदार आहे. फारसी 'कार' म्हणजे काम, 'खाना' म्हणजे घर. शिवकाळात राज्याचे अठरा कारखाने सांगतात, त्यात हत्तींचा फीलखाना आणि स्वयंपाकाचा मुदपाकखानाही होता, म्हणजे तेव्हा माल तयार होण्याशीच त्याचा संबंध होता असंही नाही. पुढे तो यंत्रांना चिकटला. आपल्या जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं, मग कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर केले, आणि १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी केली. त्या बारदान्याला कारखाना म्हणणं शोभतं. चार पोरं आणि दोन वेल्डिंग सेट असलेल्या शेडला जरा जड होतं. कायद्यानेही १९४८ साली रेषा आखलीच होती: वीज वापरत असाल तर दहा कामगार, नसाल तर वीस, तेव्हा तो कारखाना. आणि चिकोडी, अथणी, संकेश्वरकडे 'कारखाना सुरू झाला' याचा अर्थ उसाचं गाळप सुरू झालं एवढाच होतो.

हिंदीवरून उचललेलं 'उत्तम बनावट' तेवढं कृपा करून लिहू नका. मराठीत बनावट म्हणजे खोटा माल.

आता मला 'निर्मिती' का सोडावी लागली ते सांगतो. माझी पहिली पाटी होती 'शेती अवजारे निर्मिती'. इथल्या पाटीवर वर कन्नड मोठं येतं, कन्नड भाषेच्या कायद्यातल्या २०२४ च्या दुरुस्तीपासून तर ६० टक्के जागा कन्नडला द्यायची आहे. पेंटरने वरही तोच शब्द कन्नड लिपीत उतरवला. आणि कर्नाटकात 'निर्मिति' म्हटलं की जिल्ह्याजिल्ह्यातलं निर्मिती केंद्र. स्वस्त बांधकामाची ही कल्पना ऐंशीच्या दशकात केरळात कोल्लमला निघाली, आणि आपल्याकडे हे केंद्र शाळाखोल्या, अंगणवाड्या, समाजभवनं अशी सरकारी कामं करतं. झालं, फोन सुरू. "इदु निर्मिती केंद्र एन्री?" म्हणजे, हे निर्मिती केंद्र का हो? कोणाला अंगणवाडीच्या छताची गळती दाखवायची, कोणाला खडी पुरवायचं बिल अडकलंय, एक गृहस्थ तर सिमेंटचं कोटेशन घेऊन थेट शेडमध्ये आले आणि वेल्डिंग चालू असतानाच साहेब कुठे बसतात म्हणून विचारू लागले. माणसं सभ्य असायची, त्यामुळे रागावताही येईना. भट्टी तापलेली असताना हातमोजे काढून हे सगळं समजावत बसणं फार जिवावर यायचं.

वर कन्नडात 'तयारकरु', म्हणजे तयार करणारे, आणि खाली मराठीत 'निर्मिती' असा तोडगा निघतो, काहींनी तसं केलंयही. पण हिंदीमुळे देवनागरी इथे बहुतेकांना वाचता येते, त्यामुळे खालचा शब्द वाचूनही माणूस वळतोच. 'उत्पादक' मात्र कन्नडातही जवळपास तसाच आहे, 'उत्पादकरु'. खेडोपाडीच्या दूध संघांच्या पाट्यांनी तो सगळ्यांच्या डोळ्यांत बसवलाय. उरलेल्या ४० टक्क्यांत मराठी, इंग्रजी आणि फोन नंबर बसवायचा तर शब्द आखूड असलेलाही चांगला.

जीएसटीच्या २०१७ च्या कायद्यातली 'मॅन्युफॅक्चर'ची व्याख्या बघितली तर आणखी एक गंमत दिसते. कच्च्या मालावर प्रक्रिया होऊन वेगळं नाव, वेगळं स्वरूप आणि वेगळा उपयोग असलेली नवी वस्तू उदयाला आली पाहिजे, असं ती म्हणते. पत्रा नुसता कापून दिला तर तो पत्राच, त्याचा फाळ झाला तर ती नवी वस्तू. हे उदयाला येणं 'उद्'मध्ये आहेच की. कर सल्लागाराला मी हे ऐकवलं नाही, तो वेळेचे पैसे घेतो.

तेव्हा तुमचं काम एकेक नग घडवण्याचं असेल आणि पाटी महाराष्ट्रात लागणार असेल, तर 'निर्मिती'बद्दल माझी काही तक्रार नाही. बेळगावात, साच्यातला माल असेल तर मी 'उत्पादक' लिहीन, आणि सध्या तेच लिहिलंय: 'शेती अवजारांचे उत्पादक'. एवढंच करा, पेंटरला अर्धा 'त्' कागदावर काढून द्या, नाहीतर तो हमखास 'उतपादक' रंगवतो. 'निर्मिती'च घेणार असाल तर शेवटची वेलांटी दीर्घ सांगा, कन्नडच्या सवयीने ती ऱ्हस्व पडते. खडूने आखून झालं की एकदा जाऊन बघा, ऑइलपेंट चढल्यावर दुरुस्तीचे वेगळे पैसे मागतात.