सतारीच्या रियाजाला काय बरं, कापसाची गादी की उतरता पाट?

गादी आधी घेऊ कारण बहुतेकांच्या घरी तीच असते. घडी घालून बुडाखाली घेतली की कंबर गुडघ्यांपेक्षा जरा वर येते आणि पाठ आपोआप ताठ राहते, पण कापूस दबतो, अर्ध्या तासात कंबर मागे ढळते, मग माणूस पोक काढून वाजवतो आणि खापर सतारीच्या वजनावर! फोमची तर नकोच, फार दबते.

पाट म्हणजे मागून साधारण ३ इंच, पुढून १ इंच, वर पातळ सतरंजी. सुताराकडून पुढची कड मात्र गोल घासून घ्या, नाहीतर ती मांडीत रुतते आणि पायाला मुंग्या येतात. फार उंचही नको, कारण सतारीचा भोपळा, म्हणजे खालचा गोल पोकळ भाग, टेकतो डाव्या तळपायाशी आणि तो पाय जमिनीवरच असतो, तुम्ही वर गेलात की उजवा हात भोपळ्यावर नीट टेकत नाही, खांदा उतरवून वाजवावं लागतं.

माझं मत पाटाला. गुडघे दुखत असतील तर मात्र दोन्ही राहू द्या, सरळ खुर्ची घ्या, हात नसलेली.