मोनोलिथिक कॅपिलरी कॉलम : आठ महिन्यांच्या वापरानंतर

वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतील आमच्या छोट्या प्रयोगशाळेत अखंड प्रथिनांचे वस्तुमान तपासण्याची कामे येतात. वस्तुमान मोजण्याआधी मिश्रणातले घटक कॉलममधून, म्हणजे द्रव वाहणाऱ्या बारीक नळीतून, वेगळे करावे लागतात. त्यासाठी गेल्या मे महिन्यात पॉलिस्टायरीन-डायव्हिनिलबेंझीन या बहुवारिकाचा (पॉलिमरचा), २०० मायक्रोमीटर आतील व्यासाचा आणि ५ सेंटिमीटर लांबीचा मोनोलिथिक (एकसंध) कॉलम मागवला. पार्सल भर उन्हाळ्यात तीन दिवस गोदामात पडून राहिले आणि हाती आले तेव्हा एका टोकाची टोपी निघालेली होती. पुरवठादाराने हात वर केले. अगदी मंद प्रवाहाने रात्रभर अ‍ॅसिटोनायट्राइल हा द्रावक सोडल्यावर कॉलम पूर्ववत झाला, हे त्याचे नशीब आणि आमचेही.

या नळीत कण भरलेले नसतात. मोनोमरचे (पॉलिमर ज्यापासून बनतो त्या लहान रेणूंचे) मिश्रण नळीतच घट्ट होऊन आरपार छिद्रांचा एकसंध दांडा तयार होतो आणि तो आतल्या भिंतीला रासायनिक बंधाने धरून राहतो, त्यामुळे टोकाला जाळी लागत नाही. मोठे रेणू छिद्रांत रेंगाळण्याऐवजी प्रवाहासोबतच पृष्ठभागापर्यंत पोहोचतात. रिबोन्यूक्लिएज ए, सायटोक्रोम सी आणि मायोग्लोबिन या प्रथिनांचे मिश्रण मिनिटाला २ मायक्रोलिटर प्रवाहाने सोडले, तेव्हा आलेखातले तिन्ही पीक (शिखरे) अरुंद आणि सुटे आले. वाहत्या द्रवातल्या आम्लात मायोग्लोबिनचा हीम हा लोहयुक्त भाग गळून पडतो. तो मास स्पेक्ट्रोमीटरवर (वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर) ६१६ या वस्तुमान-प्रभार गुणोत्तराला वेगळा दिसला आणि उरलेल्या प्रथिनाचे वस्तुमान १६,९५१ डाल्टन निघाले. विशेष म्हणजे हे ०.१ टक्का फॉर्मिक आम्लावर साधले. ट्रायफ्लुओरोअ‍ॅसिटिक आम्लाने पीक आणखी सुबक होतात, पण मास स्पेक्ट्रोमीटरमधला सिग्नल दबतो, आणि आम्हाला देखण्या आलेखापेक्षा सिग्नल हवा असतो.

खरा त्रास जोडणीचा. पहिल्या आठवड्यात प्रत्येक पीकला शेपूट येत होते, म्हणजे ते मागे लांबत होते, आणि मी विनाकारण कॉलमलाच दोष देत होतो. भिंगाखाली पाहिले तर युनियनमध्ये (दोन नळ्या जोडणाऱ्या तुकड्यात) नळीचे टोक जेमतेम अर्धा मिलिमीटर मागे राहिले होते. टोक काटकोनात कापून, तळाशी टेकवून फेरूल (नळी घट्ट धरणारे कडे) आवळल्यावर शेपूट गेले. इतक्या कमी प्रवाहात तेवढी पोकळीही पुष्कळ होते, हे माहितीपत्रकात ठळक छापायला हवे होते.

सिलिकाचा मोनोलिथ अल्कलीत टिकत नाही. हा टिकतो, म्हणून चिकट नमुन्यांनंतर धुणे सोपे जाते. ट्रिप्सिन या विकराने प्रथिने तोडून झालेल्या पेप्टाइडांच्या (लहान तुकड्यांच्या) गर्दीत मात्र हा आखूड कॉलम कमी पडला. ती कामे आम्ही पुन्हा जुन्या, कणांनी भरलेल्या कॉलमवर नेली आहेत.