गिअरबॉक्स ‘गेला’ म्हणून ४१,३०० रुपये गेले

टोइंगचे ३,५००, यूपीआयने दिलेला ॲडव्हान्स १५,००० आणि गाडी ताब्यात घेताना रोख मोजलेले २२,८००. एकूण ४१,३००. खरा बिघाड कितीचा होता ते पुढे येईलच, तोवर शिव्या आवरून लिहितो.

गणपतीच्या तोंडावर, भर पावसात, विक्रोळीजवळ ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो. क्लच दाबला तर पेडल तळाला गेलं ते वर आलंच नाही. पहिला गिअर पडेना, रिव्हर्स टाकायला गेलो तर नुसती करकर. मागे ट्रकवाला हॉर्नवरचा हात काढायला तयार नाही, शेजारी आई. आमच्या गल्लीतला मेकॅनिक कोकणात, फोन लागत नाही. अशा वेळी एक टोइंगवाला स्वतःहून येऊन उभा राहिला. असे लोक कुठून उगवतात आणि गाडी कुठे नेतात हे तुम्हाला ठाऊक आहे, मलाही होतं. पण हा चक्क मराठीत बोलला, आईच्या डोक्यावर छत्री धरली, “काकू, सावकाश” म्हणाला. झालं, विरघळलो.

आता खरी जळजळ. गाडी वर चढवल्यावर तोच म्हणाला, “साहेब, पहिल्या गिअरमध्ये टाकून ठेवा, सरकायला नको.” इंजिन बंद होतं. मी दांडा ढकलला आणि पहिला अलगद पडला. जो गिअर मघाशी जीव खाऊन पडत नव्हता तो! इंजिन चालू असताना गिअर पडत नाही आणि बंद केल्यावर सगळे गुमान पडतात, म्हणजे गिअरबॉक्स बहुतेक शाबूत आहे, क्लच पूर्ण सुटत नाहीये. मी काही काल गाडी शिकलेलो नाही, हे मला माहीत आहे. पण चिंब भिजलेला माणूस, गारठलेली आई, तिकडून ट्रॅफिक हवालदार “हटवा, हटवा” करतोय. तुमचं डोकं चाललं असतं? मग बोलू नका.

भांडुपच्या बाजूच्या गॅरेजात गाडीखाली कुणी डोकावलंही नाही आणि निदान तयार : सिंक्रो रिंगा (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या) गेल्या, बेअरिंग गेलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. बॉनेट उघडल्यावर ब्रेक ऑइलची टाकी मिनिममच्या खाली दिसत होती. माझ्या गाडीत क्लचही त्याच टाकीवर चालतो. मी बोट दाखवलं, त्याने “ते होतं हो पावसाळ्यात” म्हणत झाकण लावलं. पावसाळ्यात ब्रेक ऑइल कमी होतं! नंतर तेलकट ट्रेमध्ये झिजलेल्या रिंगा दाखवल्या. कुठल्या टेम्पोच्या होत्या देव जाणे. बिलाचं विचारलं तर “जीएसटी वर लागेल”. वाचताहेत पैसे तर वाचू दे म्हटलं. कोण म्हणत नाही?

गौरीला गुहागरला गेलो, गाडी झकास. परतताना पेणच्या अलीकडे पेडल पुन्हा बसलं. ब्रेक ऑइल भरत, पेडल पुन्हा पुन्हा दाबत घर गाठलं. गल्लीतला मेकॅनिक खाली शिरला आणि म्हणाला, “दादा, गिअरबॉक्सला कुणी हातच लावलेला नाही.” बोल्टांवर जुनी माती, गंज तसाच, पान्याचा ओरखडा नाही, गिअर ऑइल जुनं काळंच. गळत होता खालचा क्लच सिलेंडर, म्हणजे त्याच ब्रेक ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणारा भाग. त्या भामट्याने फक्त ऑइल भरून पाइपात अडकलेली हवा काढली होती. सिलेंडर १,३५०, ऑइल १८०, मजुरी ७००. दोन हजार दोनशे तीस रुपये!

चौकीत गेलो. “हे दिवाणी आहे, कोर्टात जा.” खोटे पार्ट दाखवून पैसे उकळले तरी दिवाणी? “बिल आहे का?” नाही. “मग काम त्यानेच केलं कशावरून?” यूपीआय दाखवलं, तर नाव तिसऱ्याच माणसाचं. “मग त्याच्याकडे जा.” दुसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्ताला, तिसऱ्याला हद्दच आमची नाही. आरटीओत विचारलं तर “गॅरेज आमच्याकडे येत नाही.” मग येतं कुणाकडे? आणि सगळीकडे तेच, बिल आणा. अहो, बिल दिलं नाही हीच तर तक्रार आहे! २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापार प्रथा आहे. हे टेबलापलीकडच्या एकालाही ठाऊक नसावं?

गिअरबॉक्स उतरवणार म्हणाले की उतरवलेला असताना व्हिडिओ कॉल मागा. टाळाटाळ झाली की गाडी उचला. बोल्टांचे फोटो आधीच काढा. इंजिन घुमतंय, गाडी सरकत नाही आणि जळका वास येतोय तर क्लच प्लेट बघायला सांगा. दांडा नुसता लुळा हलतोय तर केबल किंवा लिंकेज (दांडा गिअरबॉक्सला जोडणारे भाग). पार्किंगमध्ये ओल दिसली तर बोट लावून बघा, तेल असू शकतं, एसीचं पाणी म्हणून सोडू नका. विमा पॉलिसीत रोडसाइड असिस्टन्स घेतलेला असेल तर तो नंबर आजच सेव्ह करा. माझ्याकडे होता, कागदात. जीएसटी भरा, बिल घ्या.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. मेकॅनिककडून गाडीच्या स्थितीचं लेखी घेतलंय, गंजलेल्या बोल्टांचे फोटो आहेत, तक्रार टाकतोय. त्याच गॅरेजात कुणी गंडला असेल तर पैसे कुणाच्या नावावर गेले ते तपासा आणि मला कळवा.