पत्र्याखाली पीयू फोम : चौदा महिने वापरल्यावर

मागच्या आठवड्यात सासूबाईंच्या कॉटवर पाणी ठिबकलं आणि गळती शोधण्यात दोन दिवस गेले, म्हणून लिहायला बसले.

भुसावळला आमच्या स्लॅबवर पत्र्याची खोली आहे, ४२० चौरस फूट. गेल्या एप्रिलमध्ये पत्र्याला खालून ५० मिमी जाडीचा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, फोम मशीनने फवारून मारून घेतला, क्लोज्ड सेल, म्हणजे बंद बुडबुड्यांचा. दर फुटाला ११० रुपये, म्हणजे ४६,२०० रुपये. एवढ्यात एसी आला असता, पण त्याचं बिल दर महिन्याला आलं असतं.

उन्हाच्या बाबतीत पैसे वसूल. मे महिन्यात बाहेर ४४ असताना आत थर्मामीटरवर ३८ दिसले. ३८ म्हणजे गारवा नव्हे, पण डोक्यावरची धग गेली आणि कूलर लावून सासूबाई दुपारी झोपू लागल्या. रात्री मात्र उलटं. उघडा पत्रा अंधार पडला की निवायचा. आता तापलेल्या भिंतींची उष्णता आतच कोंडते, खिडक्या उघड्या ठेवाव्याच लागतात. हे आधी कुणी सांगितलं नाही. हिवाळ्यात पहाटे पत्र्याखालून दवाचे थेंब पडायचे, ते थांबले. पावसाचा ताडताड आवाजही गेला, फोनवर बोलता येतं.

आता गळती. थेंब कॉटवर पडत होता आणि भोक निघालं तिथून नऊ फुटांवर, उताराच्या वरच्या अंगाला. मुलगा वर पाइपने एकेका ओळीवर पाणी सोडत होता, मी खाली सुरीने फोम कापत होते. बाकी ठिकाणी फोम इतका घट्ट की खरवडून काढावा लागला. पण त्या कोपऱ्यात हातभर तुकडा अलगद सुटून हातात आला. त्याच्या पाठीला काळा, चिकट थर होता. तिथे पूर्वी आमचा गॅस होता, फोडणीचा धूर वर्षानुवर्षं बसलेला. पत्रा न धुताच फोम मारला होता! फोम पत्र्याला चिकटलाच नाही आणि मधल्या पोकळीतून पाणी वाट काढत आलं.

ठेकेदाराला फोन केला. म्हणाला, "ताई, गॅरंटी फोमची आहे, पत्र्याची नाही." मी खूप चिडले, बोललेही. नंतर मुलाने वरून स्क्रू काढून आणला, तर रबरी वॉशर कडक होऊन चिरलेलं. म्हणजे भोकाचा दोष त्याचा नव्हता, तेवढं मी मान्य केलं. न धुतलेल्या पत्र्याचं मात्र त्याच्याकडे अजून उत्तर नाही. तुकड्यापुरतं मशीन आणायचे ८,००० मागतो. तूर्त हार्डवेअरच्या दुकानातला डब्यातला फोम भरलाय आणि सगळे स्क्रू वॉशरसकट बदललेत. हेच फोमच्या आधी केलं असतं तर गळती झालीच नसती.

दोन गोष्टींत काटकसर करू नका. राहत्या खोलीत फोम उघडा ठेवू नका. पेटला तर विषारी धूर होतो. आम्ही वरून आगरोधक कोटिंग घेतलं, त्याचे पैसे वेगळे. आणि मारताना घर रिकामं ठेवा. फवाऱ्यातलं आयसोसायनेट हे रसायन श्वासाला वाईट, कारागीरसुद्धा मास्क लावून असतात. सासऱ्यांना दमा आहे, त्यांना चार दिवस नणंदेकडे ठेवलं होतं.

छप्परच नवं घालत असाल तर पफ पॅनलचा (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेले तयार तुकडे) भाव आधी काढा. जुन्याच पत्र्यावर मारायचा असेल, तर मशीन सुरू होण्याआधी शिडीवर चढून स्वयंपाकाच्या कोपऱ्यातल्या पत्र्यावर बोट फिरवा. काळं आलं तर आधी धुऊन घ्या, पूर्ण वाळू द्या, मगच कारागिरांना हात लावू द्या.