हद्दवाढीच्या नावावर सह्या घेत फिरणाऱ्यांपासून सावध राहा

कोल्हापूर शहराला लागून असलेल्या पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उचगाव, सरनोबतवाडी या पट्ट्यात ज्यांची घरं किंवा रानं आहेत त्यांनी हे शेवटपर्यंत वाचा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना वाचून दाखवा. हद्दवाढीची, म्हणजे गाव महापालिकेत जाण्याची, भीती घालून कागदांवर सह्या घेणारी माणसं या भागात फिरत आहेत. माझ्या आत्याला त्यातल्याच एकाने गाठलं. एक लाख दहा हजार रुपये गेले ते गेलेच, वर अकरा गुंठे रान परस्पर विकलं जायची वेळ आली होती.

कोल्हापूरची महापालिका १९७२ ला झाली आणि पुढची कितीतरी दशकं शहराची हद्द होती तिथंच राहिली. कधी ४२ गावांचा प्रस्ताव, कधी १८ गावं आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या दोन एमआयडीसी, तर २०२५ मध्ये आठ गावांची चर्चा. मध्ये २०१७ ला हद्दवाढीच्या बदली ४२ गावांसाठी नियोजनाचं वेगळं प्राधिकरण आलं. शहरात हद्दवाढीसाठी मोर्चे निघतात, गावं विरोधात बंद पाळतात. आपलं गाव नेमकं आत की बाहेर, हे गावातल्या माणसाला कुणी धड सांगत नाही. फसवणारा नेमका इथंच शिरतो.

आत्याचं असं आहे. तिच्या यजमानांनी २००४ साली एका मोठ्या रानातले तीन गुंठे खरेदी केले आणि २००९ ला त्यावर घर बांधलं. तुकडेबंदीमुळे, म्हणजे शेतजमिनीचे बारीक तुकडे विकायला बंदी असल्यामुळे, त्या तीन गुंठ्यांसाठी यजमानांचं नाव सातबाऱ्याच्या कब्जेदार (मालकाच्या) सदरी लागलंच नाही, इतर हक्कात राहिलं. घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला, म्हणजे घरांच्या कर आकारणीच्या नोंदवहीत, आहे, घरफाळा दरवर्षी भरलेला आहे. शिवाय सासरकडून आलेलं अकरा गुंठे बागायत रान, त्याचा सातबारा स्वच्छ तिच्या एकटीच्या नावावर. यजमान वारले, मुलगा पुण्याला नोकरीला. गावात अशी घरं शेकड्यांनी आहेत.

हा एजंट आला तो हातात नकाशा घेऊनच. रंगीत झेरॉक्स, डोक्यावर ‘प्रारूप विकास आराखडा’ असं छापलेलं, आणि आत्याच्या गट नंबरावर हिरव्या रेघा मारून ‘बगीचा’ लिहिलेलं, म्हणजे ते रान बगीच्यासाठी आरक्षित दाखवलेलं. ‘‘मावशी, महापालिका आली की ह्ये रान गेलंच म्हणून समजा. घराचा नमुना ८ तिथं कोण बघत न्हाई. बेकायदेशीर म्हणून पाडायला येत्यात. अधिसूचना निघायच्या आधी फाईल आत घालूया, मी आरक्षण हलवून देतो.’’ घरफाळा दहापट होणार, एनएला (जमीन बिगरशेती करायला) गुंठ्यामागे लाखभर लागणार, हेही वर सांगितलं. शेजारच्या गल्लीतल्या दोघांचे कागद केल्याचं दाखवलं. एकट्या बाईला आणखी काय भीती घालायची बाकी राहिली?

पैसे त्याने तीन टप्प्यांत घेतले, बहुतेक रोख. त्या बदल्यात आत्याच्या हातात दोन कागद आले. एक ‘गुंठेवारी नियमितीकरण दाखला’, म्हणजे गुंठ्यागुंठ्याने घेतलेली जागा आणि त्यावरचं घर कायदेशीर झाल्याचा कागद, त्यावर ग्रामपंचायतीचा गोल शिक्का आणि जावक क्रमांक. दुसरा घराच्या जागेचा नोटरी केलेला करार, तारीख डिसेंबर २०१९ ची. ‘‘गुंठेवारीला ३१ डिसेंबर २०२० च्या आधीचाच कागद चालतो, म्हणून मागची तारीख घातलीया,’’ असं त्याने सांगितलं. त्याच बैठकीत, ‘‘फाईल आहे, सगळ्या पानांवर सही लागते’’ म्हणत त्याने आणखी सह्या घेतल्या. त्या पानांत अकरा गुंठ्यांचं साठेखत, म्हणजे रान विकायचा करार, होता, किंमत बाजारभावाच्या निम्म्याहून कमी आणि ‘रक्कम रोख मिळाली’ असं वाक्य. सोबत एक मुखत्यारपत्र, म्हणजे तिच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार देणारा कागद. ही पानं त्याने वाचून दाखवली नाहीत आणि त्यांची प्रतही दिली नाही.

हे उघडकीला आलं वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिशीमुळं. आतल्या पानावर बारीक अक्षरात असतात ना, ‘आमच्या अशिलांनी खालील मिळकत खरेदी घेण्याचे ठरविले आहे, कोणाची हरकत असल्यास १४ दिवसांत...’ तीच. गट नंबर वाचून मी थबकलो. एजंटाने त्या साठेखतावर तिसऱ्याच माणसाला रान दाखवलं होतं. तो खरेदीदार आणि त्याचा वकील नोटीस न देता पुढं गेले असते, तर आज आम्ही दिवाणी कोर्टात असतो. मुदतीत आम्ही वकिलामार्फत लेखी हरकत दिली. मुखत्यारपत्र नोंदणीकृत दस्ताने रद्द केलं, त्याची नोटीस एजंटाला रजिस्टर पोस्टाने पाठवली आणि तलाठ्यांकडेही अर्ज देऊन ठेवला, कारण फेरफार (सातबाऱ्यावरच्या नावातला बदल) धरला की हरकतीला फक्त पंधरा दिवस मिळतात.

मग आम्ही कागद उलटसुलट करून पाहिले. २०१९ ची तारीख घातलेला करार पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर होता. महाराष्ट्राच्या स्टॅम्पपेपरवर छपाईचं साल असतं. यावर २०२४ छापलेलं आहे. मागच्या बाजूला मुद्रांक विक्रेत्याचा शिक्का, त्यात विक्रीची तारीख २०२५ ची. म्हणजे हा कागद आत्याने कुठल्याही कार्यालयात दिला असता, तर खोटा दस्त केला म्हणून तिच्याच अंगावर आलं असतं. गल्लीतल्या एका शेजाऱ्याचा ‘दाखला’ मागवून शेजारी ठेवला, तर दोन्हींचा जावक क्रमांक एकच.

आणि सगळ्यात संताप याचा, की तिला यातल्या कशाचीच गरज नव्हती. गुंठेवारीचा कायदा २००१ चा आहे, २०२१ च्या दुरुस्तीने तो ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला लागू झाला. आत्याचं घर २००९ चं. घरफाळ्याच्या पावत्या, लाईट बिलं, २००४ ची खरेदी, सगळं कपाटात आहे. मागची तारीख घालायचं कारणच काय? नियमितीकरणाचा अर्ज नियोजन प्राधिकरणाकडे करायचा असतो, शुल्काची पावती मिळते. ग्रामपंचायतीच्या शिक्क्याचा दाखला त्यासाठी चालत नाही. शिवाय सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये अध्यादेश काढून १५ ऑक्टोबर २०२४ पर्यंतचे असे तुकड्यांचे व्यवहार शुल्क न घेता नियमित करायची वाट मोकळी केली आहे. इतर हक्कात अडकलेलं नाव कब्जेदार सदरी आणण्यासाठी आता आम्ही त्याच वाटेने जात आहोत.

हद्दवाढ झाली तर खर्च वाढणार, हे मी नाकारत नाही. घरफाळा वाढतो, पण एका रात्रीत नाही. नव्याने आलेल्या भागात तो टप्प्याटप्प्याने वाढवायची तरतूद महापालिका कायद्यात आहे. मुद्रांक शुल्क गावापेक्षा शहरात जास्त लागतं, रेडी रेकनरचा (सरकारने ठरवलेला जमिनीचा) दरही चढतो. बांधकामाला परवानगी महापालिकेकडून घ्यावी लागते. आणि एवढं भरून पाणी, ड्रेनेज, रस्ते कधी येणार, हा गावांचा प्रश्न रास्तच आहे. पण जमिनीचा मालक बदलत नाही. सातबारा तोच राहतो, नंतर सिटी सर्व्हे झाला की प्रॉपर्टी कार्ड येतं. नमुना ८ हा मालकीचा पुरावा आजही नाही, तो कर आकारणीचा उतारा आहे. एजंट यातली एक खरी गोष्ट सांगतो आणि तिच्या आडून दहा खोट्या खपवतो.

आरक्षणाचंही तसंच. हद्द बदलायची तर आधी प्रारूप अधिसूचना प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. विकास आराखडा त्याच्याही पुढची पायरी. नगररचना कायद्याप्रमाणे आधी इरादा जाहीर होतो, मग प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो आणि कुणालाही लेखी हरकत घेता येते. गाव अजून हद्दीतच नाही, तर त्या गावाचा महापालिकेचा आराखडा एजंटाच्या पिशवीत कुठून येणार? खरोखर आरक्षण पडलं तरी जमीन फुकट जात नाही. मोबदला किंवा टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) मिळतो. दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर कलम १२७ ची नोटीस देता येते, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. ‘आरक्षण हलवून देतो’ म्हणून रोख मागणारा माणूस फसवायलाच आलेला असतो, एवढं मी खात्रीने सांगतो.

सध्या फसवणूक आणि बनावट दस्ताबद्दल भारतीय न्याय संहितेखाली आम्ही पोलिसांत तक्रार अर्ज दिला आहे, चौकशी चालू आहे. रानाची खरेदी थांबली. पैसे परत आलेले नाहीत, एजंटाचा फोन बंद आहे. आत्या अजून म्हणते, ‘‘माझ्याच हातनं सह्या झाल्या की रं.’’ तिला मी रोज सांगतो, तुझी चूक नाही, तुझ्यासमोर वाचून न दाखवता कागद सरकवले त्याचा गुन्हा आहे.

तुमच्याकडे असे कागद असतील तर आज रात्रीच काढा. स्टॅम्पपेपरवर छापलेलं साल आणि मागच्या शिक्क्यातली तारीख करारातल्या तारखेशी ताडून पाहा. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर आपल्या गट नंबरावर कुठला दस्त नोंदला गेलाय का ते बघा, आणि ‘आपली चावडी’वर आपल्या गावच्या फेरफार नोटिसा वाचत जा. सह्या केल्या पण प्रत मिळालेली नाही, असं असेल तर मुखत्यारपत्र झालंय असं धरूनच वकिलाकडे जा. गल्लीतल्या त्या दोघांनी लाजेपोटी अजून तक्रार केलेली नाही. त्यांच्यासारखे आणखी असतील तर सगळ्यांनी मिळून एकाच वेळी अर्ज देऊ. एकसारख्या जावक क्रमांकाचे दाखले एकत्र ठेवले, तर पोलिसांनाही हे एकट्या बाईचं गाऱ्हाणं म्हणून बाजूला सारता येणार नाही.