ट्री-सिटर: जकातीच्या कॉमेंट्स काढताना

मालवाहतुकीच्या हिशेबाचं आमचं जावातलं सॉफ्टवेअर बरंच जुनं आहे. ज्या सरांनी ते लिहिलं, त्यांनी कॉमेंट्स, म्हणजे कोडमध्ये माणसांसाठी ठेवलेल्या टिपा, मराठीत लिहिल्या. २०१७च्या जुलैत जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, तरी कोडमध्ये ‘मुलुंड नाक्याचा दर वेगळा, हात लावू नये’ अशा ओळी अजून आहेत. सर निवृत्त झाले. नव्या मुलांच्या हाती कोड देण्याआधी सगळ्या कॉमेंट्स एका यादीत गोळा करायचं काम माझ्याकडे आलं.

दोन दिवस रेगेक्समध्ये, म्हणजे चिन्हांच्या नमुन्यावरून मजकूर शोधण्यात, गेले. दोन तिरप्या रेघांनंतर कॉमेंट, एवढंच धरलं होतं. पण स्ट्रिंगमधल्या, म्हणजे कोडमध्ये अवतरणात ठेवलेल्या मजकुरातल्या, वेबपत्त्यातही त्याच रेघा असतात. अर्धे पत्ते कॉमेंट म्हणून यादीत आले.

मग पायथनमधून ट्री-सिटर वापरलं. ही लायब्ररी कोड व्याकरणाने वाचून त्याचं झाड बांधते, त्यामुळे स्ट्रिंग कुठे संपली हे तिला कळतं. कॉमेंट्सही झाडात नोड, म्हणजे झाडाचे वेगळे तुकडे, म्हणून राहतात. एका फाइलमध्ये कंस तुटलेला होता. तिथे एरर नोड ठेवून ती पुढे वाचत गेली. हे मला फार आवडलं.

मराठीत कॉमेंट्स असतील तर एक सांभाळा. ट्री-सिटर तुकडा कुठे सुरू होतो, कुठे संपतो ते अक्षरांत नाही, बाइटमध्ये सांगतं. ‘// जकात’ पायथनच्या मोजणीत सात चिन्हं, पण यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, म्हणजे एकूण पंधरा. मी तेच आकडे स्ट्रिंगला लावले, तर कॉमेंटला खालच्या कोडचं शेपूट चिकटून आलं, आणि पुढच्या प्रत्येक कॉमेंटची सुरुवातच सरकली. फाइल बाइट म्हणूनच वाचा, त्यातूनच तुकडा कापा, मग डीकोड करून त्याची अक्षरं करा.

तक्रार एकच. दोन तिरप्या रेघांनी लिहिलेली सलग पाच ओळींची कॉमेंट पाच सुट्या नोडमध्ये येते. ओळींचे क्रमांक पाहून जोडणं आपल्यावर. नेटवरच्या जुन्या धड्यांतली व्याकरण स्वतः बांधून घ्यायची ‘बिल्ड लायब्ररी’ची पद्धतही आता काढून टाकलेली आहे, जावाचं व्याकरण सरळ पिप या पायथनच्या इन्स्टॉलरने घ्या.

कॉमेंटनंतरचा नोड विचारला की ती कुठल्या मेथडवर, म्हणजे कोडच्या कुठल्या नाव दिलेल्या भागावर, आहे तेही मिळतं. मुलुंड नाक्याची ओळ आता मेथडच्या नावासकट यादीत आहे. शनिवारी प्रिंट घेऊन सरांकडे भांडुपला जातोय.